‘ळ’च्या जागी

“महिनाभर माझ्याकडे पाठ करून काम करतेय.” मोठ्या बाईंनी पिशवी टेबलावर आपटली आणि खुर्ची पुढे ओढली. “मी शेडमध्ये शिरले की हिचे कागद पालथे. काय करतेस म्हटलं की ‘काही नाही, आई’. काही नाही करायला दिवसाचे चार तास लागतात का? आणि आता इथवर आलीय, तर आत यायला तयार नाही. बाहेर बाकावर बसलीय, निकालाची वाट बघितल्यासारखी.”

“निकाल तिचाच आहे,” ग्रंथपाल म्हणाले. “या नवांतलं एक मुखपृष्ठ तुमच्या सुनेचं आहे.”

“ते मला ठाऊक आहे. मला दाखवलं नाही, म्हणून तर बोलतेय.”

वाचनालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबलावर नऊ कादंबऱ्या ओळीने मांडल्या होत्या. नऊही लेखकांनी पदरमोड करून छापलेल्या. अशा लेखकांचं एक मंडळ होतं आणि ते दरवर्षी आपल्यातलं सगळ्यात चांगलं मुखपृष्ठ निवडायचं. परीक्षक तीन. ग्रंथपाल, कारण खोली त्यांची. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, कारण त्यांना चित्रातलं कळतं असं सगळे धरून चालत. आणि या वर्षी पहिल्यांदाच मोठ्या बाई, कारण नऊच्या नऊ पुस्तकं त्यांच्या बाइंडिंगच्या शेडमध्ये शिवली गेली होती; मुखपृष्ठं मात्र छापखान्यातच चढली होती. शाळेत त्या जेमतेम सहा महिने बसल्या होत्या. पण चाळीस वर्षांत आपल्या हाताखालून गेली तितकी पुस्तकं या वाचनालयाने पाहिलेली नाहीत, हे त्या ग्रंथपालांना भेटतील तेव्हा ऐकवत.

ज्याचं मुखपृष्ठ निवडलं जाईल त्याला पुढच्या वर्षीची मंडळाची सगळी मुखपृष्ठं करायला मिळणार होती, शिवाय मंडळाच्या कचेरीत स्वतःचं टेबल. सून लग्नानंतर अकरा वर्षं शेडमध्ये छापील कागदांच्या घड्या घालत होती. तिच्याइतका सरळ हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. टेबल मिळालं की ती जाणार, आणि नाही मिळालं तर उरलेला जन्म घड्या घालणार, हे बाकावर बसलेल्या सुनेलाही माहीत होतं आणि खुर्चीवर बसलेल्या सासूलाही.

मास्तरांनी पहिलं पुस्तक उचललं. समुद्रकिनारा, त्यावर पाठमोरी बाई. दुसऱ्यावर रस्ता, पाठमोरी बाई. तिसऱ्यावर खिडकी, आणि खिडकीतून बाहेर बघणारी पुन्हा तीच.

“मुखपृष्ठ म्हणता आणि मुख एकीलाही नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“चेहरा वाचकाने आपल्या मनाने बघावा, अशी कल्पना असते,” ग्रंथपाल म्हणाले.

“चित्रकाराला नाक काढता येत नाही, अशी वस्तुस्थिती असते.”

“नाक अवघडच हो,” मास्तर म्हणाले आणि तिन्ही पुस्तकं बाजूला सारली.

चौथ्यावर लेखक स्वतः होता, कोट घालून, हाताची घडी घालून.

“हा कादंबरी दाखवतोय की स्वतःचं स्थळ?”

तेही बाजूला गेलं. पाचव्याच्या कण्यावर मोठ्या बाईंनी अंगठा दाबला, घडीवरून नख फिरवलं आणि नखाला लागलेला काळा चुरा ग्रंथपालांसमोर धरला. घडीवर इतकी शाई ओतली की ती फुटणारच. दोनदा वाचलं की पुस्तक म्हातारं दिसायला लागेल.

“मलपृष्ठंही बघायची आहेत,” ग्रंथपालांनी आठवण केली. “मागचा मजकूर, फोटो, सगळं.”

“हा शब्द शोधणाऱ्याचं कौतुक करावं तितकं थोडं. पुढे मुख, मागे मल.”

तासाभराने दोन उरली. एक ‘मधला जिना’. अंधारातून वर जाणारा जिना, वरच्या पायरीवर उजेडाचा पट्टा. नेटकं काम, बोट ठेवायला जागा नव्हती. दुसरं ग्रंथपालांनी तळहाताखाली धरलं होतं.

“हे तुमच्या सुनेचं. तुम्ही यावर मत द्यायचं की नाही, ते आधी ठरवू. उद्या कोणी म्हणायला नको.”

“काय म्हणेल?” मास्तरांनी विचारलं. “सासू सुनेकडे झुकली म्हणून? या आरोपावर विश्वास ठेवणारा माणूस मला दाखवा. द्या त्यांच्याकडे.”

मोठ्या बाई हसल्या. पुस्तक घेतलं, सवयीने कण्यावर अंगठा दाबला, आणि मग मुखपृष्ठ वर केलं. अंगठा कण्यावर तसाच राहिला.

चित्र नव्हतं. पुठ्ठ्याच्या रंगाची कोरी जागा, आणि तिच्यावर कादंबरीचं नाव मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत. वरची रेघ एका अक्षरावर चढलेली, पुढच्यावर उतरलेली. ‘घ’चं पोट सुटलेलं. ‘र’ पडता पडता सावरलेला. नाव होतं ‘वाळत घातलेलं घर’. पण ‘वा’ आणि ‘त’ यांच्यामध्ये अक्षर नव्हतं. तिथे काळ्या कापडाचा चौकोनी तुकडा छापला होता, कडेचे दोरे सुटलेला. कण्यावरही तसंच.

तो ‘घ’ शेडमधल्या ‘घडी झालेले’ या फळीवरचा होता. ‘त’ आणि ‘ल’ होते ‘हात लावू नये’मधले. ‘र’ दोऱ्याच्या डब्यावरचा. सगळी अक्षरं मोठ्या बाईंच्या हातची.

शाळेतले गुरुजी ‘ह’पर्यंत पोचले आणि मोठ्या बाईंचं शाळेत जाणं थांबलं. ‘ह’नंतरची अक्षरं राहून गेली. पुढे छापलेल्या कागदांवरून त्या वाचायला शिकल्या, बरंचसं लिहायलाही. ‘ळ’ तेवढा हाताला बसला नाही. लग्नानंतर एकदा त्यांनी खोक्यावर ‘काळे कापड’ असं लिहिलं, तर नवरा म्हणाला, “हा चष्मा कोणाचा काढलास मध्येच?” शेडमधली माणसं हसली. माणूस वाईट नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत विसरलाही. मोठ्या बाईंनी ते खोकं फाडून टाकलं. त्या दिवसापासून खळीच्या डब्यावर त्यांनी ‘चिकट’ असं लिहिलं. हिरव्या, तांबड्या, पांढऱ्या कापडांच्या खोक्यांवर नावं लिहिली. काळ्या, निळ्या, पिवळ्या, जांभळ्या खोक्यांवर मात्र त्या त्या कापडाचा तुकडा चिकटवला. येणारे-जाणारे म्हणत, काय सोय केलीय बाईंनी, वाचायचीही गरज नाही. तीन खोक्यांवर अक्षरं आणि चारांवर चिंध्या का, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

“वा… त… घातलेलं घर,” ग्रंथपालांनी वाचलं. “ळ कुठे गेला? दुकानात लोक काय मागतील, वात घातलेलं घर?”

“कापड आहे तिथे,” मास्तर म्हणाले. “वाळत घातलेलं.”

“ते कळतंय मला, मास्तर. पण अक्षर बघा ना. लेखिका शिकलेली, रुग्णालयात मोठ्या हुद्द्यावर होती. आणि तिच्या पुस्तकावर हे अडाणी अक्षर?”

मास्तरांनी पुस्तकासाठी हात पुढे केला. मोठ्या बाईंनी ते लगेच सोडलं नाही. मग सोडलं.

“हे मुद्दाम वाकडं काढलेलं नाही,” मास्तर खिडकीशी नेऊन बघत म्हणाले. “मुद्दाम काढलेलं लगेच ओळखू येतं, मी मुलांना चाळीस वर्षं ओरडलोय त्यावरून. ज्याचं आहे त्याने गरज पडल्याशिवाय एक अक्षर लिहिलेलं नाही. मला असं जमणार नाही.”

“कोणाचं असेल?” मोठ्या बाईंनी विचारलं. आवाज कोरडा होता.

“असेल कोणी हमाल, नाहीतर रखवालदार,” ग्रंथपाल म्हणाले. “आणला असेल पकडून. आणि ज्याला ळ येत नाही त्याच्याकडून नाव लिहून घ्यायचं म्हणजे थट्टाच नाही का त्याची?”

मोठ्या बाईंनी पदर खांद्यावर नीट केला. तो नीटच होता.

थट्टा. त्यांनी पुस्तक पुन्हा पुढ्यात ओढलं. सून अकरा वर्षं घरात अर्जांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळं लिहीत आली होती, कोणाच्याही अक्षराची नक्कल करायची. नवऱ्याची सही तर नवऱ्यापेक्षा बरी करायची. सासूच्या वळणाचा एक ‘ळ’ काढायला तिला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. कोणालाही कळलं नसतं. तिने शेडमधल्या पाट्या, डबे, खोकी धुंडाळली असणार. ‘ळ’ मिळाला नाही. मग का मिळत नाही, ते चार चिंध्यांसमोर उभं राहून तिच्या लक्षात आलं असणार. आणि तरी तिने तो काढला नाही.

मोठ्या बाईंनी छापलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं. एका कोपऱ्यात खळीचा डाग होता. तोही तिने तसाच ठेवला होता.

“मत लिहून टाकू,” ग्रंथपाल म्हणाले आणि प्रत्येकापुढे कागद सरकवला. “कादंबरीचं पूर्ण नाव स्वतःच्या हाताने, खाली सही. आकडा चालणार नाही. गेल्या वर्षी एकाच्या सहाचा नऊ झाला आणि दोन लेखक अजून एकमेकांशी बोलत नाहीत.”

त्यांनी स्वतःचा कागद पटकन लिहिला आणि उलटा न करता ठेवला. मधला जिना. मास्तरांनी उभ्यानेच लिहिला आणि वाचून दाखवला. वाळत घातलेलं घर.

“एकास एक,” ग्रंथपाल म्हणाले. “आता तुम्ही.”

मोठ्या बाईंनी पेन उचललं. म, ध, ल, ज, न. पाचही ओळखीची. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि जिन्याला नाव ठेवायला खरोखर जागा नव्हती. दाराच्या जाळीतून बाकाचं टोक दिसत होतं आणि सुनेची एक चप्पल, ती वर-खाली हलत होती.

त्यांनी ‘वा’ लिहिला आणि थांबल्या.

पुस्तकावरून उतरवून घ्यावं, तर पुस्तकावर चिंधी. मास्तरांचा कागद त्यांच्याच मुठीत. मोठ्या बाईंनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर वाचनालयाची पाटी होती, तिची ‘शांतता’ दिसत होती आणि पुढच्या अर्ध्या भागावर मास्तरांचं डोकं. त्या बघत राहिल्या. मास्तरांना वाटलं त्या आपल्याकडे बघतायत. मग त्यांनी मागे वळून पाहिलं, पाटी वाचली, कागदावरच्या एकट्या ‘वा’कडे पाहिलं. ते दोन पावलं बाजूला सरकले आणि चष्मा पुसू लागले.

पाळा.

मोठ्या बाईंनी पाटीवर नजर ठेवून पेन टेकलं. एक वेटोळं, मग दुसरं. दुसरं मिटलंच नाही, शेपूट भलतीकडे गेली. अक्षर शेजारच्या ‘वा’च्या दीडपट झालं. त्यांनी ते खोडलं नाही. पुढची अक्षरं भराभर आली. ‘त’, ‘घ’, ‘ल’, ‘र’, वर चढती-उतरती रेघ. खाली सही केली आणि कागद ग्रंथपालांच्या हातात दिला.

ग्रंथपालांनी तो वाचला. मग पुस्तकाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. सुटलेल्या पोटाचा ‘घ’ दोन्हीकडे होता. पडता पडता सावरलेला ‘र’ही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बाई, मला कल्पना नव्हती. मी आपलं…”

“हमाल नाही आणि रखवालदारही नाही,” मोठ्या बाई उठत म्हणाल्या. “सही खाली आहे. लागेल तर पुन्हा वाचा.”

त्या बाहेर आल्या. सून ताडकन उभी राहिली. सासूच्या चेहऱ्यावरून काही कळेना, म्हणून ती त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाली, “आई, मी तुम्हाला विचारणार होते.”

“कधी? दुसऱ्या आवृत्तीला?”

सुनेने पायातली चप्पल सारखी केली. मग म्हणाली, “विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“असतेच.”

“ळ मला काढता आला असता. तुमच्यासारखाच. कोणाला कळला नसता.”

“मला कळला असता.”

“म्हणून नाही काढला.”

आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. मोठ्या बाईंनी पिशवी सुनेच्या हातात दिली आणि पायऱ्यांकडे निघाल्या. तीन पायऱ्या उतरून थांबल्या. सून वरच होती.

“दोन विरुद्ध एक. टेबल मिळालं तुला,” त्या मागे वळून म्हणाल्या. सुनेने तोंडावर हात ठेवला, तसा त्यांनी आवाज चढवला. “रडू नकोस, ऐक. कव्हर चांगलं आहे, म्हणून मत दिलं. वागलीस ते वाईट. माझं झाकलेलं मला न विचारता चव्हाट्यावर आणलंस. कामाचा निकाल इथे लागला. वागण्याचं घरी बघू.”