धाकटीच्या नदीचं पाणी

थोरलीला धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तो तिनं कधी धड लपवलाही नाही. एका घरात दिलेल्या दोघी नोकरीलाही एकाच प्रयोगशाळेत! तळ्याला मिळणाऱ्या दोन नद्या त्यांनी वाटून घेतल्या होत्या. दर महिन्याला बाटलीत पाणी भरायचं आणि त्यातला फॉस्फरस मोजायचा. शेतातल्या खताबरोबर तो नदीत उतरतो, मग तळ्यावर हिरवा थर धरतो आणि मासे मरतात. म्हणून खत वाटेतच अडावं यासाठी काठच्या शेतकऱ्यांनी दहा-दहा पावलं जमीन गवताला सोडली होती.

थोरलीच्या नदीचा आकडा अकरा वर्षं ढिम्म हलला नव्हता. धाकटीचा दोन वर्षांत निम्म्यावर आला, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "ही कुठूनतरी नितळ पाणी भरून आणते," असं तिनं सासूच्या कानावर घातलं. सासू हल्ली धाकटीशी तुटक बोलायची.

या महिन्यात मात्र धाकटीचा आकडा तिपटीनं वाढला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी दोघींना बोलावून घेतलं.

"बाटल्या धुवायचं आम्ल संपलं होतं, साहेब," धाकटी म्हणाली. "मी बाटल्या साबणाच्या पावडरीनं धुतल्या. त्या पावडरीतच फॉस्फरस असणार."

"असणार? पुरावा काय? मला आत्ता वर कळवायचंय. आकडा वाढला, की गवताची योजना बंद."

थोरलीला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. पुरावा तिच्याच खणात होता. पण तो दाखवायचा म्हणजे आपल्याच हातानं आपलं नाक कापायचं. साहेबांनी फोन उचलला तेव्हा कुठे तिनं वही टेबलावर ठेवली.

"हा तिच्याच नदीचा, त्याच दिवसाचा, ती पाणी भरते त्याच पुलाखालचा आकडा. माझी बाटली आधीच आम्लानं धुतलेली होती. कमीच आहे."

"तुम्ही तिच्या नदीवर काय करत होता?"

"तिची लबाडी पकडायला गेले होते."

साहेबांनी आकडा दोनदा वाचला आणि फोन खाली ठेवला. योजना वाचली. धाकटीनं वही ओढून घेतली आणि मागची पानं चाळली. वर्षभर, दर महिन्याला, तिच्या आकड्याशेजारी थोरलीनं गुपचूप काढलेला आकडा होता. सगळे जुळत होते.

"जाऊबाई, म्हणजे मी खरी आहे हे तुम्हाला वर्षभर माहीत होतं?"

"होतं."

"आणि घरी काय सांगत होतात?"

धाकटीनं वही पिशवीत घातली.

"चला," ती म्हणाली, "सासूबाईंना हे तुम्हीच वाचून दाखवा."