सात नागांचं पाणी

बुद्धवर्ष २५२२, म्हणजे १९७९ साल. मांत्रिक प्लुएंगबाबाच्या फाटकाशी ही झुंबड! प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली, काखेत सुकलेलं ऑर्किड. आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

थायलंडमधल्या आमच्या राचबुरीच्या वाडीत घरोघरी ऑर्किडं टांगलेली. त्या उन्हाळ्यात त्यांची मुळं पांढरी, खरखरीत होऊन मग काळी पडू लागली. बाबाकडे प्रत्येक घरासाठी एक गुन्हेगार तयार होता. आमच्याकडे माझी वहिनी, बुप्फा. नळ आणि ती एकाच महिन्यात घरात आले होते.

"सात नागांनी फुंकर घातलेलं पाणी आहे हे!" बाबा डोळे फिरवत ओरडे. "वीस बाट. नागांना उधारी चालत नाही!"

आईनं ते पाणी निम्म्या झाडांना घातलं. ती तरारली. उरलेल्यांना वहिनी नळाचं घाली. ती झाडं मेली.

"बघितलंस? तिचा हातच विषारी," बाबा म्हणाला. "पौर्णिमेआधी माहेरी धाड."

आईनं वहिनीचं गाठोडं बांधलं. दादा खाली मान घालून बसला. तेवढ्यात शाळेच्या प्रयोंगबाई तीन कढया घेऊन आल्या.

"बुआलाई, सुनेला घालवण्याआधी चूल पेटव."

एकीत नळाचं पाणी, दुसरीत बाबाचं, तिसरीत शाळेच्या रांजणातलं पावसाचं. तिन्ही आटवली. नळाच्या कढईत पांढरा थर उरला. बाकीच्या दोन स्वच्छ.

"बोअरचं पाणी नळाला सोडलंय. हाच क्षार मुळांवर बसतो," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या नागांनी पाऊस विकलाय."

"उन्हाळ्यात पाऊस कुठला?" आई फणकारली.

"तुझा रांजण कुठं गेला गं?"

आईनं रिकाम्या पागोळ्यांकडे पाहिलं. नळ आल्यावर बाबानंच सांगितलं होतं, रिकाम्या रांजणात भूत शिरतं, माझ्याकडे आणा, मी बांधून ठेवतो. पागोळ्यांखाली पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेले रांजण आम्ही हसत नेऊन दिले. फक्त शाळेचे बाईंनी दिले नव्हते.

साऱ्या वाडीसकट आई बाबाच्या परसात घुसली. पत्र्याच्या छपराखाली रांजणच रांजण, काठोकाठ. एकावरच्या नक्षीतल्या ड्रॅगनची हनुवटी फुटलेली.

"हा माझा! लग्नात मीच आपटला होता!" आई ओरडली.

"हात लावू नका, भूत सुटेल!" बाबा किंचाळला.

"सुटलंच आहे, समोर उभं आहे," आई म्हणाली. तिनं घरी येऊन गाठोडं स्वतःच्या हातानं सोडलं.

बाबा दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन लॉटरीचे आकडे सांगू लागला. तिथंही गिऱ्हाईक मिळालंच. प्रयोंगबाई शिकवता शिकवता म्हाताऱ्या होऊन गेल्या. आईनं वहिनीची माफी कधी मागितली नाही, पण शेवटच्या आजारात तिच्याच हातचं पाणी प्यायली. दादाची मान तेव्हा झुकली ती झुकलीच. वहिनी आज चौऱ्याहत्तरची आहे, ऑर्किडं विकते, हनुवटी फुटलेल्या रांजणातलं पाणी घालते.

झाड मरत असेल तर आधी पाणी तपासा. घरच्या पोरीवर बोट मग दाखवा.