अर्धी अर्धी गोळी

शाळांचे गणवेश शिवून दोन मुली वाढवणाऱ्या त्या आईच्या घरात वाटणी कायम सारखी. दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातले, आणि मार द्यायचा तर दोघींना, चूक कुणाची का असेना. "माझ्याकडे लाडकं-दोडकं चालत नाही," असं ती गिऱ्हाइकाचं माप घेता घेतासुद्धा ऐकवायची. त्याचा तिला भारी तोरा.

आईची आई छातीच्या कॅन्सरने गेली, मागोमाग पाठची बहीणही. पुढे थोरलीच्या छातीतली गाठ काढली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. पण पेशींची लक्षणं बरी नाहीत, शिवाय तुमच्या घराण्यात आहे. रोज एक गोळी, पाच वर्षं. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. धाकटीलाही आणा. तपासू, मग तिचं ठरवू."

धाकटी बधेल तर शपथ! "मला काय धाड भरलीय? मी नाही येत हॉस्पिटलात."

एकीला राखण आणि दुसरी उघड्यावर? आईच्या जिवाला ते पटेना. कापड बेतायच्या टेबलावर तिने गोळी ठेवली, ब्लेडने बरोबर मधोमध कापली आणि दोघींच्या हातावर अर्धी अर्धी टेकवली.

"आई, डॉक्टरांनी मला दिलीय ती," थोरली म्हणाली.

"डॉक्टरांना एकच मुलगी दिसली. मला दोन आहेत. गीळ मुकाट्याने."

तिने गिळली, धाकटीनेही. मग रोज तेच. त्या गोळीने धाकटीच्या अंगातून वाफा निघायच्या, काजं करता करता ती उठून खिडकीशी उभी राहायची. "पुरे झाली सोंगं," असं आई डाफरायची खरी, पण मनातून सुखावायची. औषध लागू पडतंय म्हणायचं! डॉक्टरीणबाईंनी थोरलीला विचारलं, गोळी रोज घेतेस ना, की आईच पुढे सरसावायची. "एक दिवस चुकू दिला नाही."

तिसऱ्या वर्षी तपासणीत थोरलीच्या दुसऱ्या बाजूला गाठ निघाली. या खेपेला कॅन्सरच, काखेतही पसरलेला.

आईने तिथल्या तिथे वाटणीचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई पुन्हा रिपोर्ट चाळू लागल्या.

"बोला की! माझ्यामुळे झालं म्हणा, नाहीतर नाही म्हणा. एक काय ते सांगा."

"पूर्ण गोळीने टळलं असतं का, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"एवढी बुकं वाचलीत, आणि एवढंही येत नाही?" आईचा आवाज चढला.

"चल आई," थोरली उठली. "बाहेर लोक खोळंबलेत."

घरी आल्यावर आईने धाकटीचे हात धरले. "उद्या तपासायला चल. तुझ्या पाया पडते गं."

जन्मात आई कुणाला असं म्हणाली नव्हती. धाकटीने हात सोडवून घेतले.

"तिची अर्धी गोळी माझ्या पोटात गेली, आई. आता कुठल्या तोंडाने तिथे जाऊन बसू? ताईचं जे होईल ते माझंही होऊ दे."

"वेडी आहेस का तू?"

"सारखी वाटणी," धाकटी म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

आतल्या खोलीत थोरली ऑपरेशनआधी उरकायला हवेत म्हणून सदऱ्यांना कॉलर जोडत होती. आई तिच्याशेजारी जमिनीवर टेकली. एक सदरा मांडीवर ओढून लोंबते दोरे तोडत राहिली.