थोरलीच्या मापाचे बूट

युरोपातल्या थंडीची धास्ती धाकटीपेक्षा तिच्या आईनेच जास्त घेतली होती. धाकटीला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवत होते, तेही ऐन हिवाळ्यात. आणि पोरीची तयारी काय, तर पलंगावर कपड्यांचा डोंगर आणि ही त्याच्या शेजारी पालथी पडून मोबाइलमध्ये! लोकरीचा एक मोजा उशीवर, दुसरा कपाटाखाली. अंगालगत घालायचे गरम कपडे बोळे करून बॅगेत कोंबलेले. "अगं, जाकीट वरती ठेव, उतरल्या उतरल्या लागेल," हे सांगून सांगून आईच्या तोंडाला फेस आला, पण ऐकेल तर शपथ. डावखुरी पोर ती, डाव्या हाताने मफलर गरगर फिरवायची आणि वर शीळ वाजवायची.

बूट मात्र बाबांनी आपल्याकडे घेतले होते. बाबा बूट बनवणारे, वरच्या मजल्यावरच्या या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. "माझी मुलगी विकतचे बूट घालून बर्फात जाणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" म्हणून त्यांनी जाड तळाचे, आतून लोकर लावलेले, घोट्याच्या वर येणारे बूट शिवले. एवढं ओझं बॅगेत भरायचं नाही, पायातच घालून जायचं, असं ठरलं. शिवाय त्यांच्या घरचा एक दंडक होता: नवं पादत्राण घालून गाव सोडायचं नाही. आधी घरात घालून फिरायचं, चामडं पायाला सरावलं की मग उंबरा ओलांडायचा. त्यामुळे धाकटी दिवसभर बूट घालून खोल्या पालथ्या घालू लागली.

पहिल्या दिवशी तिने बोटं चेपतात म्हणून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, आणि मधल्या खोलीतून पावलं वाजली. खट्. मग टाच ओढल्याची घस्स. पुन्हा खट्, घस्स.

आईच्या हातातली सुरी थांबली. ही चाल थोरलीची. लहानपणी शिडीवरून पडल्यापासून थोरली डावी टाच ओढून चालायची. आणि थोरली तर कधीच गेली होती. तापाचं निमित्त झालं आणि हसती-खेळती पोर बघता बघता हातची गेली.

आईने दारातून डोकावलं. धाकटीच होती, दुसरं कोण असणार?

"नीट चाल की गं!"

"नीटच तर चालतेय," धाकटी म्हणाली आणि घस्स करत खिडकीकडे गेली.

आई तशीच पुढच्या खोलीत गेली. तिथल्या फळीवर घरातल्या प्रत्येकाच्या पायाचे फर्मे ठेवलेले असत. फर्मा म्हणजे लाकडात कोरलेलं पाऊलच. त्याच्यावर चामडं ताणून बसवायचं आणि बूट शिवायचा. धाकटीच्या फर्म्यांवर बोटभर धूळ होती. थोरलीचे मात्र लख्ख पुसलेले.

"अहो, बूट कुठल्या फर्म्यावर शिवलेत?"

बाबांनी मान वर केली नाही. "दोघींचं माप सारखंच होतं."

"मी काय विचारतेय?"

"हात थोरलीच्या फर्म्यावर गेला," बाबा म्हणाले. "ध्यानात आलं तोवर चामडं ताणून झालं होतं."

"मग उसवायचं ना!"

"नाही उसववलं गं मला."

आई आत आली आणि तिने पुन्हा सुरी हातात घेतली.

त्यानंतर बॅगेचं रूप पालटलं. स्वेटरांच्या घट्ट गुंडाळ्या झाल्या. मोज्यांच्या जोड्या लागल्या, हातमोजे दोऱ्याने एकमेकांना बांधले गेले. कानटोपीच्या आत मफलर, मफलरच्या आत थंडीत ओठांना लावायची डबी. शेजारीण येऊन म्हणाली, "पोरीला अक्कल आली हो एकदाची!" आई हसली, पण तिची नजर बॅगेवरून हलेना. ही भरणी थोरलीची होती. कुठे सहलीला जायचं असलं की ती अशीच बॅग भरायची. बर्फ बघायचा म्हणून तिने केवढा ध्यास घेतला होता, आणि बर्फ राहिला बाजूलाच.

खोटं कशाला बोला, आईला भीती वाटली तशी ओढही लागली. ती हातातलं काम टाकून पावलांचा आवाज ऐकत बसायची. धाकटी बूट काढायला वाकली की म्हणायची, "घाल की अजून थोडा वेळ. कडक आहेत अजून." बूट कधीच मऊ पडले होते, हे काय तिला दिसत नव्हतं? आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं, आणि तरी ती करत होती.

जायच्या दिवशी सकाळी मागून दोन हात गळ्यात पडले. "आईसाहेब, माझ्या चहात साखर नको हं."

आईसाहेब! थोरलीच्या पश्चात या घरात कोणी तिला तशी हाक मारली नव्हती. तिने बिनसाखरेचा चहा दिला आणि पोर तो कसा पिते हे डोळे भरून बघत राहिली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. धाकटीची जिवाची मैत्रीण होती, कॉलेजपासूनची, तिच्याशिवाय धाकटीचा दिवस जात नसे. पोरीने पडद्यावरचा फोटो नीट न्याहाळला आणि मोबाइल आईपुढे धरला. "कोण आहे ही? तुम्ही ओळखता?"

मग ती उठली आणि जाकिटाची बटणं लावू लागली. उजव्या हाताने, एकेक, शांतपणे.

आईला तेव्हा उमगलं. चार दिवसांत एकदाही शीळ ऐकू आली नव्हती आणि आपल्याला चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं! एक परत आली खरी, पण दुसरी कुठे गेली? ही अशीच दाराबाहेर पडली तर धाकटी पुन्हा कधी दिसायची नाही, हे तिला स्वच्छ कळलं. खाली टॅक्सीने हॉर्न दिला.

"बस," आई म्हणाली. तिने पोरीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः फरशीवर बसून बुटाच्या नाडीला हात घातला.

"हे काय, आईसाहेब?"

"धाकटी कुठे आहे?"

"आहे की. झोपलीय."

"उठव तिला."

"राहू द्या ना थोडं. बर्फ बघते आणि येते. एवढंच तर राहिलंय माझं."

गाठ सुटेना, डोळ्यांना दिसेना. असं लाडीगोडी लावून मागणारी पोर! जिवंतपणी तिला कशाला नाही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायचं?

"तिला उठव, बाळा. ऐक माझं."

"मग मी कुठे जाऊ?"

"मला नाही माहीत गं राजा," आई रडत रडत म्हणाली, आणि तिने डावा बूट ओढून काढला. पाऊल बर्फासारखं गार लागलं. उजवा बूट निघता निघेना. तिने खुर्चीच्या पायाला पाय रोवला, सगळा जीव एकवटून हिसका दिला आणि बुटासकट मागे पडली.

"आई गं! काय करतेस? पाय मोडशील माझा!" धाकटी ओरडली. "आणि रडतेस काय? थोड्याच दिवसांसाठी तर चाललेय. अय्या, टॅक्सी आली? माझा मोबाइल कुठाय?"

आईने तिला इतकं घट्ट आवळलं की ती गुदमरून हसायला लागली. मग तिच्या पायात दोन-दोन जाड मोजे चढवले, कॉलेजातले जुने बूट घातले आणि तिला जिन्याने खाली नेलं. टॅक्सी वळली तेव्हा धाकटी डावा हात बाहेर काढून हलवत होती.

आई वर आली. बाबा मधल्या खोलीच्या दाराशी भिंतीला धरून उभे होते. फरशीवर बूट आडवे पडले होते. त्यांनी ते उचलले, छातीशी धरले आणि खाली बसले.

"तुम्ही इथेच होतात?" आईने विचारलं.

"ऐकलं सगळं."

"मग आत का नाही आलात? एकटीला करायला लावलंत मला?"

बाबा लोकरीवरून बोटं फिरवत राहिले.

"आत आलो असतो ना," ते म्हणाले, "तर तुझे हात धरले असते मी."