पानाखालचा केस

मी टेलिफोनची डिरेक्टरी बोलतेय. होय, अजून आहे मी. हसून घ्या. पोटात अख्ख्या फ्रँकफर्टचे नंबर, पण आजवर मला स्वतःला एकही फोन आलेला नाही.

छापखान्यातून निघाले ती बहिणींबरोबर एका इमारतीच्या जिन्याखाली येऊन पडले. लोक आम्हाला वळसा घालून जात. पुढे एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली माझी नेमणूक झाली. मला वाटलं, झालं, एवढंच आपलं करिअर.

मग एका शिक्षणसंस्थेने मला उचललं. तिथे शनिवार-रविवारी डॉक्टर ऑस्टिओपॅथी शिकायला येतात. म्हणजे हातांनी चाचपून दुखणं ओळखायचं आणि हातांनीच उपचार करायचे. शिकवणाऱ्या फ्राऊ लिंडनर माझ्या पानाखाली स्वतःचा एक केस ठेवायच्या. विद्यार्थ्याने डोळे मिटायचे आणि वरून बोट फिरवून तो शोधायचा. जमलं की केसावर आणखी एक पान. माझ्यातली नावं कुणी वाचत नव्हतं, पण लठ्ठपणाला पहिल्यांदाच मान मिळाला!

तिथेच कौमुदी भेटली. मूळची पुण्याची, इथे हॉस्पिटलात हाडांची डॉक्टर, घरी छोटी अन्वी. दाराला कुलूप लावलं का, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत जाणारी. बाई समोर आल्या की घाबरून म्हणायची, "या, या, सापडला!" जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. बोट भलतीकडेच असायचं. मला कळायचं, पण मी कोण सांगणार?

परीक्षा जवळ आली तशी ती मला घरी घेऊन गेली. नवऱ्याला म्हणाली, "देवदत्त, या वेळी नाही जमलं तर सोडते मी. ज्या हातांना कळत नाही, त्यांनी पेशंटला हात लावू नये."

गंमत अशी, की घरी तिला पानांच्या चळतीखालचा केसही सापडायचा आणि वर्गात दोन पानांखालचा नाही.

एकदा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी हे बघितलं. "अगं, केस शोधायला जर्मनीत शिकावं लागतं? तुझ्या आमटीत आम्हाला न शिकता सापडायचा."

"अहो आई, माझा केस जाड..." कौमुदी बोलता बोलता थबकली. सराव तिच्या स्वतःच्या, तेल प्यायलेल्या राठ केसांवर चालला होता. वर्गात असायचे बाईंचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम.

तिने ड्रॉवरमधून एक डबी काढली. अन्वीचं जावळ.

"म्हणजे नदीत सोडलं नाहीस अजून?" सासूबाई कडाडल्या.

"आई, इथल्या माइन नदीत काही टाकलं तर दंड होईल," देवदत्त आतून ओरडला.

त्या दिवसापासून माझ्या पानांखाली जावळाचा केस. अन्वी मधूनच जर्मनमध्ये आईला विचारायची, "मामा, फेर्टिश?", म्हणजे झालं का, आणि कौमुदी म्हणायची, "नाही गं, अजून नाही झालं."

परीक्षेत फ्राऊ लिंडनरनी मला पुढे सरकवलं. कौमुदीने डोळे मिटले. बोट सावकाश पानभर फिरलं. पुन्हा फिरलं. तोंडात तो जुना "या" आलेला मला दिसला. मी सगळी पानं आवळून धरली.

"इथे केस नाही," ती म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांनी ठेवलाच नव्हता.

कौमुदी पास झाली. मी परत संस्थेच्या फळीवर. शिवण उसवलीय, कोपरे बोटांनी काळे पडलेत. पोटात कुठेतरी अन्वीच्या जावळाचा एक केस राहून गेलाय. कुठल्या पानात, ते मलाही सांगता येणार नाही. इतके पत्ते पाठ असून ही अवस्था!

कधीतरी मला रद्दीत टाकाल, टाका. त्याआधी एकदा डोळे मिटून बोट फिरवा. आणि नाही सापडला, तर सरळ नाही म्हणा.