लंगडोजीचा दाणा

दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. दोन ठेवले की कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जातात आणि आपल्या डोक्याला ताप होतो. आमच्याकडे दोन होते: एक लालभडक, देखणा, आणि दुसरा पायाने अधू, ज्याला बाबा लाडाने ‘लंगडोजी’ म्हणत. बाबा गेल्यावर लंगडोजीला अंडीवाल्याच्या हवाली करायचं मी ठरवून टाकलं, कारण आता सगळंच माझ्या एकटीच्या अंगावर पडलं होतं आणि आईने तर अन्नच सोडलं होतं. मी रागावले, रडले, हातापाया पडले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. असंच चाललं तर आठवडाही निघायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

कोंबड्याला दाणा सापडला की तो स्वतः खात नाही. चोचीने उचलून खाली टाकतो, भराभर हाका मारतो आणि कोंबड्यांनी टिपेपर्यंत थांबतो. त्या सकाळी लंगडोजी आईच्या उंबरठ्यावर मक्याचा एक दाणा ठेवून तशाच हाका मारू लागला. मी झाडू घेऊन धावले, तोच खाट करकरली. आई उठून आली, उंबरठ्याशी बसली आणि तो दाणा उचलून तिने तोंडात टाकला.

“काही आहे का गं खायला?” ती म्हणाली.

अंडीवाल्याला मी लाल कोंबडा दिला.

“देखणा देताय आणि लंगडा ठेवताय? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“हा कामाचा आहे,” मी म्हटलं.

मग रोज दोन्ही वेळा लंगडोजी दाणा ठेवी, हाक मारी, आणि आई तो टिपून माझ्या हातचं पोटभर जेवी. तिसऱ्या आठवड्यात मीठ जास्त झालं म्हणून तिने मला असं काही फैलावर घेतलं, की मी खुराड्यामागे जाऊन आनंदाने रडले.

एकदाच जरा विचित्र घडलं. आई कांदा चिरत होती आणि बाहेर लंगडोजी, आभाळात घार दिसल्यावर कोंबडे ओरडतात तसा ओरडला. मी खिडकीतून घार शोधून वळेपर्यंत आई टेबलाखाली अंग चोरून बसली होती, मान कलती करून, एकच डोळा छताकडे लावून.

“आई, काय झालं?”

“कुठे काय? कांदा चिरतेय,” गुडघे झटकत ती म्हणाली. आम्ही दोघीही हसलो.

काल ती चार दिवसांसाठी मावशीकडे गेली, स्वतःची पिशवी स्वतः उचलून. बसमध्ये चढता चढता तिने विचारलं, “आणि तू कधी जेवलीस गं नीट?”

“रोजच जेवते की,” म्हणत मी हात हलवला. परतताना मात्र मी आठवून आठवून दमले. आईचा घास न् घास मला आठवत होता, माझा एकही नाही. बाबा गेल्यापासून माझे कपडे अंगात ढगळ होत चालले होते आणि ते मलाही दिसलं नव्हतं.

आज सकाळी लंगडोजी आईच्या दाराकडे फिरकलाच नाही. माझ्या दारात उभा होता, पायाशी दाणा.

“मला भूक नाही,” मी त्याला माणसाला सांगावं तसं सांगितलं.

त्याने पुन्हा हाक मारली. अंगणात दहाही कोंबड्या स्तब्ध उभ्या होत्या, आणि त्या दाण्याला एकीनेही चोच लावली नव्हती. मी फाटकाकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग मी उंबरठ्याशी बसले.

दाणा कोमट होता, आणि कितीतरी दिवसांनी मला कशाची तरी चव लागली.