मास्तरांची बटणपट्टी

अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात झीनत अकरा वर्षं शाळेच्या गणवेशांचं कटिंग करत होती. बारा मशिनी, तेवढ्याच बाया आणि सगळ्यांवर शिवलिंगप्पा मास्तर. मे महिन्यात तिथं पाणी प्यायलाही सवड नसायची. पण दिवाळीनंतर काम ढिलं पडलं की जेवणाच्या सुट्टीत झीनतचा हात खाकी कागदाच्या एखाद्या तुकड्यावर आपसूक फिरायला लागायचा. कधी डबा खाणारी वैजयंती, तर कधी कापडाच्या गठ्ठ्यावर झोपलेलं मांजर. सुट्टी संपली की कागद चुरगाळून चिंध्यांच्या पोत्यात. चित्र कुणाला दाखवायचं असतं, हे तिच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं.

एके दिवशी दाक्षायणीबाई त्या पोत्यापाशी येऊन बसल्या. तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाई. गल्लीतल्या मुलांच्या चिकटकामासाठी रंगीत तुकडे वेचायला आल्या होत्या. चिंध्यांबरोबर एक कागद हाताला लागला. त्यांनी तो मांडीवर सरळ केला.

“हे मांजर कुणी काढलं?”

सगळ्या मशिनी थांबल्या. वैजयंतीनं नुसत्या हनुवटीनं झीनतकडं दाखवलं.

“टाकाऊ तुकडा होता बाई तो,” झीनत घाईघाईनं म्हणाली.

“कागदाचं कोण विचारतंय? या मांजराच्या पाठीत हाड आहे! पोरं मांजर काढतात ते उशीला शेपूट लावल्यासारखं. रविवारी सकाळी सातला कंबर तलावावर ये. आम्ही सात-आठ जण तिथं चित्रं काढत बसतो.”

झीनतचा नवरा एजाज ट्रक घेऊन आठवडा-आठवडा बाहेर असायचा. घरी सासू लालबी. चित्रं काढायला चालले म्हटलं तर त्या हसतील, म्हणून झीनतनं सांगितलं, “अम्मा, डॉक्टरनं चालायला सांगितलंय.” नवी वही ओढणीखाली धरून ती तलावावर गेली. तिथं बिरुदेव रिक्षावाला होता, बँकेतले एक साहेब होते, कॉलेजच्या दोन मुली होत्या. तासभर सगळे माना खाली घालून काढत बसायचे. आठ वाजले की जो तो आपली वही कठड्यावर उघडी ठेवायचा आणि सगळे मिळून बघत फिरायचे. झीनतची वही तेवढी मिटलेली असायची.

“पुढच्या रविवारी दाखवते,” ती म्हणायची. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी बाईंनी तिला बाजूला घेतलं. “सगळ्यांना नको दाखवू. पण रोज एक चित्र काढ आणि रोज एकाच माणसाला दाखव. तेवढं जमेल की?”

“कुणाला दाखवू?”

“ज्याचं काढशील त्यालाच. त्याच्याइतकं बारकाईनं दुसरं कोण बघणार?”

त्याच संध्याकाळी लालबी भाकरी थापत होत्या. झीनतनं दारात बसून त्यांना काढलं आणि वही पुढं केली. लालबींनी पिठाचे हात पुसले, चष्मा लावला, वही दिव्याखाली नेली.

“मेरा नाक इत्ता बड्डा है क्या गे?”

लालबी आरशापाशी गेल्या, आडव्या-तिरप्या होऊन बघून आल्या. “है बाबा,” त्या म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या. मग वहीतली तलावाची पानं उलटून हसू आवरत बोलल्या, “तर डॉक्टरनं हे चालायला सांगितलं होय तुला?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आपण होऊन नवी साडी नेसून बसल्या.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी वहीत येत गेलं. दूधवाला, शेजारची समरा, काज-बटणं करणारी वैजयंती. समरा म्हणाली, माझी वेणी एवढी जाड कुठंय, पण राहू दे तशीच. झीनत धीट होत चालली. आणि एके दुपारी तिनं भलतंच धाडस केलं. मास्तर खुर्चीत पेंगले होते, गळ्यात टेप, तोंड उघडं. तिनं पटकन चेहरा उतरवून घेतला. शर्ट घरी जाऊन आठवणीतून पुरा केला.

आता ज्याचं काढलं त्याला दाखवायचं, हा तर नियम. दोन दिवस तिनं टाळलं. तिसऱ्या दिवशी वैजयंतीनंच वही हिसकून मास्तरांच्या टेबलावर ठेवली.

मास्तर बघत राहिले. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“झीनत.”

“जी, मास्तर.”

“अकरा वर्षं शर्ट कापतीस तू?”

“व्हय.”

“मग माझी बटणपट्टी उलट्या बाजूला कशी गं? गड्याच्या शर्टाला डावी बाजू वर. मला बायकांचा शर्ट घातलास की!”

कारखान्यात हशा उसळला. मास्तरही पोट धरून हसले. झीनतही हसली, पण मनातून चरकली. हजारो पट्ट्या या हातांनी कापल्या आणि अंगावरची पट्टी आपण कधी नीट बघितलीच नव्हती!

“परत काढ,” मास्तर म्हणाले. “आणि झोपलेला नको.” ते छाती फुगवून ताठ बसले. तसं चित्र अगदी लाकडी झालं. शेवटी झीनत म्हणाली, “मास्तर, तुम्ही आपलं काम करा.” ते कापडावर वाकले, कात्री चालायला लागली आणि ती त्यांना विसरून, डोळे फाडून फक्त बघत गेली. सुरकुत्या कुठं पडतात, खांदा कसा खाली येतो, सगळं. ते चित्र मास्तरांनी स्वतः बारा मशिनींवर फिरवून दाखवलं.

पुढं जानेवारीत दाक्षायणीबाईंनी तलावाकाठच्या दोन कडुलिंबांच्या मधे दोरी बांधली आणि सगळ्यांची चित्रं चिमट्यांनी लावली. त्यात झीनतची नऊ, आठ माणसं आणि तलावातला एक बगळा. लालबी नव्या साडीत दोरीपाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “ये मेरी बहू ने बनाया, और ये मैं हूं.” मास्तर कुटुंबाला घेऊन आले होते.

फिरायला आलेले एक धोतरातले आजोबा झीनतच्या बगळ्यापुढं थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, “पोरी, चित्र झ्याक हाय. पर मासा धरताना बगळा मान अशी ठिवत न्हाय.”

झीनतनं कमरेला खोचलेली पेन्सिल काढली आणि वहीचं कोरं पान त्यांच्यापुढं धरलं.

“मग कशी ठेवतो, आजोबा? दाखवा की.”

आजोबांनी इकडंतिकडं बघितलं, पेन्सिल कशी धरायची ते आठवलं आणि काढायला लागले.